रिले, काँटॅक्टर की एसएसआर? पंपाचा रिले चिकटला त्याचे उत्तर

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या एका मुलाने विचारले आहे: "काका, कुळागर (पोफळी-नारळांची बाग) शिंपायला दीड एचपीचा सिंगल फेज पंप आहे. मोबाईलवरून चालू-बंद करायला वायफायचा बोर्ड घेतला. त्यावरच्या निळ्या रिलेवर १० ॲम्पियर, २५० व्होल्ट असे छापले आहे आणि पंप चालताना ९ ॲम्पियर घेतो. तरी महिन्याभरात रिले आतून चिकटला. मोबाईलवर बंद दिसत होते आणि पंप रात्रभर चालू. सकाळी बांय (विहीर) तळाला गेलेली, पंप कोरडा फिरून सील गेले. आता दुकानदार सांगतो ३० ॲम्पियरचा रिले घाल, मित्र सांगतो एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) घाल, आमचा वायरमन सांगतो काँटॅक्टरच हवा. तिन्ही विजेने चालणारे स्विचच ना? मग एवढा फरक कसला?"

बाळा, वायरमनचे ऐक. पण त्याचे का ऐकायचे ते समजून घे, कारण पुढच्या वेळी पंप नसेल, दिवे असतील किंवा सोलर असेल, आणि तेव्हा उत्तर वेगळे येईल.

स्विच चालू असतो तेव्हा त्याला फारसे काम नसते. बंद असतो तेव्हाही नसते. त्याची सगळी परीक्षा चालू होताना आणि बंद होताना, त्या काही मिलिसेकंदांत होते. तुझ्या रिलेवर छापलेले १० ॲम्पियर शांतपणे वाहणाऱ्या प्रवाहाचे आहेत. हीटर, इस्त्री, पाणी तापवायची कॉईल असे लोड त्यात धरलेले असते. तुझा पंप चालताना ९ घेतो हे खरे, पण सुटताना तो चाळीसच्या पुढे जातो. मोटर थांबलेली असते तोवर तिच्याकडून उलटा व्होल्टेज येत नाही, म्हणून ती पाच-सहा पट प्रवाह ओढते. हा झटका अर्धा-एक सेकंद टिकतो, आणि रिलेचे काँटॅक्ट, म्हणजे वीज जोडणारी धातूची टोके, नेमके त्याच क्षणी मिटत असतात.

ते कसे मिटतात ते बघ. निळ्या रिलेची १२ व्होल्टची कॉईल, म्हणजे चुंबक करणारे तारेचे वेटोळे, जेमतेम ३० मिलिॲम्पियर घेते, म्हणजे एक तृतीयांश वॅटच्या आसपास. एवढ्याशा ओढीने आर्मेचर (लोखंडाची हलती पट्टी) खेचायचे, स्प्रिंग वाकवायची आणि काँटॅक्टही दाबून धरायचा. त्यामुळे काँटॅक्टवर दाब थोडाच पडतो. मिटताना तो एकदम बसत नाही, जमिनीवर पडलेल्या गोटीसारखा दोन-चार वेळा उडतो. प्रत्येक उडीला ४० ॲम्पियरची बारीक ठिणगी पडते, चांदीचा पृष्ठभाग तेवढ्या जागी वितळतो, आणि शेवटी काँटॅक्ट त्या वितळलेल्या थेंबावरच बसतो. थेंब गोठला की झाले वेल्डिंग. बहुतेक वेळा परतीची स्प्रिंग ते तोडते. एक दिवस तोडू शकत नाही. तुझ्याकडे तो दिवस महिन्याने आला.

आता काँटॅक्टर. लहान काँटॅक्टरची एसी कॉईल खेचताना ६०-७० व्हीए (व्होल्ट गुणिले ॲम्पियर) घेते आणि बसल्यावर सात-आठवर येते. रिलेच्या तुलनेत ही ओढ कित्येक पटींनी जास्त. म्हणून आत जाड स्प्रिंग घालता येते, काँटॅक्ट जोरात बसतो आणि कमी उडतो. उघडताना तर फरक आणखी मोठा. रिलेत एकाच जागी वाट तुटते आणि तिथे अर्धा मिलिमीटरही अंतर नसते. काँटॅक्टरमध्ये प्रत्येक पोलला (विजेच्या प्रत्येक वाटेला) धातूचा एक पूल असतो, तो दोन्ही टोकांना एकदम उचलला जातो. ठिणगी दोन तुकड्यांत विभागते, प्रत्येकीला काही मिलिमीटर लांब व्हावे लागते, आणि भोवतीच्या कप्प्यात ती थंड होऊन विझते. काँटॅक्टचे मिश्रणही साधी चांदी नसते, बहुधा चांदी आणि टिन ऑक्साईड असते, कारण ते सहज चिकटत नाही.

अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने १८३५ साली लांबच्या तारेच्या टोकाला अशी विद्युतचुंबकाची कळ दाखवली, आणि पुढे तारायंत्राने ती उचलली. रिले हा शब्द वाटेत बदलायच्या ताज्या घोड्यांवरून आला. अशक्त झालेला निरोप ताज्या दमाने पुढे पाठवणे हे त्याचे जन्मापासूनचे काम. रिले निरोप्या आहे. काँटॅक्टर हा ओझे उचलणारा गडी. निरोप्याच्या डोक्यावर भाताचे पोते दिले तर त्याची मान मोडणार, त्यात त्याचा दोष नाही.

दुकानात काँटॅक्टर मागायला जाशील तेव्हा एक फसगत टाळ. एकाच काँटॅक्टरवर दोन-तीन वेगवेगळे ॲम्पियर छापलेले असतात. ९ ॲम्पियरच्या मोटर काँटॅक्टरवर एसी-१ खाली २० किंवा २५ सुद्धा दिसतील. एसी-१ म्हणजे हीटरसारखे शांत लोड. एसी-३ म्हणजे पिंजऱ्याच्या रोटरची, नेहमीची इंडक्शन मोटर, सुटताना सहापट प्रवाह जोडायचा आणि फिरती मोटर बंद करायची. फिरती मोटर तोडणे तसे सोपे असते, कारण तिचा स्वतःचा उलटा व्होल्टेज असतो आणि काँटॅक्टच्या दोन टोकांत लाईनचा थोडाच भाग उरतो. तुझ्यासाठी एसी-३चाच आकडा वाच. विक्रेता मोठा आकडा दाखवेल, तू लहान आकड्यावर बोट ठेव.

एसी-४ची गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या प्लांटवर मी उमेदवारी केली. तिथल्या एका होइस्टचा (ओझे वर उचलणाऱ्या यंत्राचा) काँटॅक्टर दर महिन्या-दीड महिन्याला जायचा. मोटर लहान, काँटॅक्टर तिच्या दीडपट मोठा, तरीही. आमच्या फोरमननी मला दिवसभर ऑपरेटरशेजारी उभे केले आणि बटण किती वेळा दाबतो ते मोजायला लावले. ओझे नेमके जागेवर आणायला तो टुक-टुक करत बटण दाबायचा, आणि मोटर वेग घेण्याआधीच सोडायचा. म्हणजे प्रत्येक वेळी सहापट प्रवाह नुसता जोडला जात नव्हता, पूर्ण व्होल्टेजवर तोडलाही जात होता. हीच एसी-४. तोच काँटॅक्टर एसी-३मध्ये दहा लाख वेळा चालला असता, इथे त्याचा एक बारीक अंशच चालायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि मी फोंड्याला पॅनेल बांधायला बसलो, पण ती मोजणी अजून उपयोगी पडते. कोणी स्विच मागितला की मी आधी विचारतो: दिवसाला किती वेळा, आणि कुठल्या क्षणी तोडणार?

याच प्रश्नाने तुझ्या मित्राच्या एसएसआरची जागाही ठरते. एसएसआरमध्ये हलणारे काही नसते. आत एक एलईडी, तिच्या उजेडाने चेतणारा ट्रायॅक किंवा उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर, म्हणजे सेमीकंडक्टरचे स्विच. ठिणगी नाही, आवाज नाही, झीज नाही. काजूगर सुकवायच्या ड्रायरचा हीटर घे. तापमान अर्ध्या अंशात धरायचे तर कंट्रोलर दर दोन सेकंदांनी हीटर चालू-बंद करतो. दिवसाला ४३,२०० वेळा. दहा लाखांचे आयुष्य असलेला काँटॅक्टर तिथे २३ दिवसांत संपेल, एसएसआर वर्षानुवर्षे चालेल. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवरही तोच बरा.

पण पंपाला मी तो सुचवणार नाही, आणि त्यातले एक कारण जिवाशी संबंधित आहे. एसएसआर बंद असतानाही थोडी वीज गळते. आतल्या स्नबरमधून (झटके शोषणाऱ्या कपॅसिटर-रेझिस्टरच्या जोडीतून) आणि सेमीकंडक्टरमधून काही मिलिॲम्पियर जातच राहतात. बंद म्हणजे तुटलेले नव्हे. तू मोबाईलवर बंद करून विहिरीत उतरशील, ओल्या हाताने पंपाच्या टर्मिनलला हात लावशील, आणि तिथे लाईन असेल. ज्या लोडला माणूस हात लावणार त्याच्या आधी खरोखर तुटणारा आयसोलेटर हवाच, मग स्विच कुठलाही असो.

दुसरे कारण म्हणजे उष्णता. चालू एसएसआरवर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो. ९ ॲम्पियरला ११ वॅट झाले. बंद प्लॅस्टिकच्या डबीत, मे महिन्यात, हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) तो स्वतःलाच भाजून काढील. तिसरे म्हणजे वीज पडणे. मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्याकडे गडगडाट किती होतो ते तुला माहीत आहे. लाईनवरून आलेल्या एका झटक्याने एसएसआर मरतो आणि मरताना बहुतेक वेळा आतून जोडलेलाच राहतो. पंप पुन्हा रात्रभर चालू. तुझा मूळ त्रास होता तिथेच.

कुठलाही स्विच घेताना तो मरेल तेव्हा कुठल्या बाजूला पडेल हे मी पाहतो. काँटॅक्टरची कॉईल जळली तर तो उघडा पडतो, पंप थांबतो, फार तर पोफळी एक दिवस तहानतात. काँटॅक्टरही चिकटू शकतो, पण मापाचा घेतला तर क्वचित.

दुकानदाराच्या ३० ॲम्पियरच्या रिलेबद्दल मात्र मी सरसकट वाईट बोलणार नाही. चांगल्या बनावटीच्या अशा रिलेच्या डेटाशीटवर मोटरसाठी एचपीचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि एनओ काँटॅक्टला (एरवी उघडा असणारा) तो जेवढा असतो त्याहून एनसीला (एरवी मिटलेला असणारा) कमी असतो. अर्धा एचपीच्या टाकीच्या पंपाला मीही तो वापरतो. पण स्वस्त बोर्डावर तोच रिले असला तरी खालचा तांब्याचा पट्टा ३० ॲम्पियरचा नसतो, आणि टर्मिनलचा स्क्रूही नसतो. रिले वाचतो आणि बोर्ड जळतो.

फक्त मोटरच झटका देते असे समजू नकोस. एका देवळाच्या जत्रेला दीपस्तंभावर आणि प्राकारात एलईडी लावल्या होत्या. सगळ्यांचे मिळून दोन ॲम्पियरही होत नव्हते. टायमरमधला १६ ॲम्पियरचा रिले तिसऱ्या रात्री चिकटला आणि दिवे सकाळीही जळत राहिले. प्रत्येक एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये एक रिकामा कपॅसिटर असतो. व्होल्टेज शिखरावर असताना काँटॅक्ट मिटला तर हे सगळे कपॅसिटर एकदम भरायला धावतात. प्रवाह मिलिसेकंदाहूनही कमी वेळ वाहतो, पण नेहमीच्या कित्येक पट. तिथे मी टायमरने काँटॅक्टर चालवला आणि दिवे तीन पोलवर वाटून दिले. अशा कामाला शून्य व्होल्टेजला चालू होणारा एसएसआरही चांगला. ट्रान्सफॉर्मरला मात्र तोच वाईट, कारण ट्रान्सफॉर्मर शून्यावर चालू केला की त्याचा गाभा चुंबकत्वाने सर्वात जास्त संपृक्त होतो आणि झटका उलट वाढतो.

आता डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, कारण उद्या घरावर सोलर बसवशील. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही. २५० व्होल्ट एसीला १० ॲम्पियर तोडणाऱ्या रिलेवर बाजूला ३० व्होल्ट डीसी लिहिलेले असते ते यामुळे. १०० व्होल्ट डीसीच्या पुढे तोच रिले अर्धा ॲम्पियर तोडतानाही अडतो. छतावरच्या पॅनेलची माळ कित्येक शे व्होल्टची होते. तिथे एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) किंवा काँटॅक्टर घातला तर तो उघडतो, पण आत ज्योत पेटलेली राहते आणि डबी वितळते. अशी एक जळलेली डबी मी माझ्या हाताने उतरवली आहे. नशिबाने वर पत्रे होते, लाकडी वासे नव्हते. डीसीच्या स्विचमध्ये ठिणगीला बाजूला ढकलायला चुंबक असतात, आणि काहींत त्यामुळे अधिक-उणे उलटे जोडले तर ठिणगी आतल्या बाजूला ढकलली जाते. त्यावरचे चिन्ह पाहूनच जोड. इलेक्ट्रिक गाडीतला काँटॅक्टर तर वायू भरून पक्का बंद केलेला असतो.

कॉईलकडे वळतो, कारण काँटॅक्टर घेतल्यावर तुला त्रास झालाच तर तो इथून होईल. एसी चुंबकाची ओढही सेकंदाला १०० वेळा शून्याकडे जाते. तो थरथरू नये म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची एक बारीक कडी बसवलेली असते, ती चुंबकप्रवाहाचा एक भाग मागे रेंगाळायला लावते. कडी तुटली की काँटॅक्टर भुंग्यासारखा गुणगुणतो. गाभ्याच्या तोंडावर गंज किंवा धूळ बसली तरी गुणगुणतो. आणि गाभा पूर्ण मिटलाच नाही तर कॉईल जळते, कारण मधे हवा राहिली की कॉईलचा अडथळा कमी पडतो आणि ती खेचतानाचेच ६०-७० व्हीए घेत राहते. माझ्याकडे आलेल्या जळलेल्या कॉईलींपैकी बऱ्याच काँटॅक्टरमध्ये गाभ्याच्या फटीत पाल चिरडलेली सापडली, नाहीतर मुंग्यांचे वारूळ. पंपघरातल्या डबीची केबल आत येते ते भोक ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद कर. हे काम पाच मिनिटांचे आहे.

कमी व्होल्टेजलाही तेच होते. मानकाप्रमाणे कॉईलने ८५ टक्के व्होल्टेजवर ओढायला हवे, म्हणजे २४० व्होल्टच्या कॉईलने २०४ वर. एप्रिल-मे महिन्यात लाईनच्या शेवटच्या घराला त्याहून खाली जाताना मी पाहिले आहे. मग काँटॅक्टर कट-कट-कट करतो, आणि प्रत्येक 'कट'ला मोटर नव्याने सुटायचा प्रवाह घेते. त्या अर्ध्या मिनिटात त्याची वर्षभराची झीज होते. तुझ्याकडे व्होल्टेज पडत असेल तर रुंद पट्ट्याची इलेक्ट्रॉनिक कॉईल असलेला काँटॅक्टर घे किंवा कमी व्होल्टेजला तोडणारा रिले आधी लाव.

लॅचिंग रिलेही कोणी सुचवेल. तो एका झटक्याने चालू होतो, दुसऱ्या झटक्याने बंद, मधे कॉईलला वीज लागत नाही. स्मार्ट मीटरमध्ये आणि जिन्याच्या दिव्यांना तो उत्तम. पण वीज गेली तरी तो चालूच राहतो आणि वीज आली की पंप आपोआप सुटतो. काँटॅक्टर वीज गेली की पडतो, आणि बटणाच्या स्टार्टरमध्ये पुन्हा हाताने दाबल्याशिवाय उठत नाही. करवतीच्या किंवा नारळ सोलायच्या मशीनवर हा गुण हात वाचवतो. तुझ्या वायफाय बोर्डात वीज परत आल्यावरची स्थिती 'बंद' अशी ठेवायची सोय असेल, ती आधी तपास.

किनाऱ्याकडच्या आणि खाजनाजवळच्या (खाऱ्या पाण्याच्या सखल शेतांजवळच्या) लोकांसाठी थोडे सांगतो. चिखलातून येणाऱ्या सडक्या अंड्याच्या वासात गंधक असते आणि चांदी त्याने काळी पडते. कोळंबीच्या तळ्यावर एअरेटरच्या काँटॅक्टरचे काळे काँटॅक्ट पाहून कोणी पॉलिश पेपर काढतो. तसे करू नका. मोठ्या प्रवाहाचा काँटॅक्ट काळा असला तरी चालतो, घासल्याने चांदी जाते आणि खडबडीत जागी ठिणगी जास्त धरते. काळेपणा अडतो तो बारीक सिग्नलला. काँटॅक्टरच्या ऑक्झिलरी काँटॅक्टला (निरोप देण्यासाठी असलेल्या छोट्या जोडकाँटॅक्टला) साधारण १७ व्होल्ट आणि ५ मिलिॲम्पियर तरी लागतात, तेव्हाच तो वरचा थर भेदतो. पंप खरोखर चालू आहे का हे बोर्डाला ३.३ व्होल्टवर त्या काँटॅक्टमधून कळवायला जाशील, तर काही आठवड्यांत खोटे निरोप येऊ लागतील. तिथे सोन्याचा मुलामा दिलेला छोटा रिले मधे घाल.

आता तुझी जोडणी. आधी १६ ॲम्पियरचा डबल पोल एमसीबी, सी किंवा डी कर्व्हचा, म्हणजे मोटर सुटतानाच्या झटक्याला न पडणारा. शॉर्ट सर्किट तोडणे हे त्याचे काम, काँटॅक्टरचे नव्हे. मागे एमसीबी नसेल तर शॉर्टमध्ये काँटॅक्टर चिकटेल. मग ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (जमिनीत वीज गळली की तोडणारा), विहिरीजवळ तो हवाच. मग काँटॅक्टर, एसी-३चे १२ ॲम्पियर, त्यावर आयएस/आयईसी ६०९४७-४-१ हा मानकाचा क्रमांक छापलेला बघ. त्याखाली ओव्हरलोड रिले (मोटरने बराच वेळ जास्त प्रवाह घेतला की पडणारा), पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या ॲम्पियरवर लावलेला. इथे वायरमनला आठवण कर: ओव्हरलोड तीन पोलचा असतो, आणि एका पोलमधून प्रवाह गेला नाही तर त्याला फेज गेल्यासारखे वाटून तो उगाच पडतो. म्हणून न्यूट्रल एका पोलमधून आणि फेज उरलेल्या दोन पोलमधून एकापुढे एक न्यायची.

तुझा वायफाय बोर्ड टाकू नको. त्याच्या नव्या निळ्या रिलेने आता फक्त काँटॅक्टरची कॉईल चालवायची, तीही ओव्हरलोडच्या एनसीमधून. खेचताना पाव ॲम्पियरच्या आसपास, नंतर त्याहून खूप कमी. कॉईलला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा तयार स्नबर लाव, नाहीतर कॉईल सुटतानाच्या झटक्याने वायफाय चिप अडकेल. बोर्डावरच्या डीसी कॉईलला डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असतोच, एसी कॉईलला मात्र चुकूनही डायोड लावू नको, तो अर्ध्या सायकलला शॉर्ट होईल. आणि विहिरीत पाण्याच्या पातळीचे इलेक्ट्रोड सोडून ड्राय-रन रिले (पाणी संपले की तोडणारा) त्याच कॉईलच्या वाटेत घाल. मोबाईलने काहीही सांगितले तरी पाणी संपले की कॉईल सुटली पाहिजे.

जुना चिकटलेला रिले फेकला नसशील तर त्याचे निळे झाकण ब्लेडने काप. दोन काँटॅक्टच्या मधे टाचणीच्या टोकाएवढा चांदीचा मणी दिसेल. नखाने दाबलास तर 'टक्' करून सुटेल. ४० ॲम्पियरने तो तिथे बसवला आणि एक तृतीयांश वॅटच्या कॉईलमागची स्प्रिंग तो तोडू शकली नाही, एवढेच त्या रात्री घडले.